बेचाळिसाव्या दिवसानंतर

गरोदरपणात जिच्या रक्तातली साखर वाढली, तिला पुढच्या आयुष्यात टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा कितीतरी जास्त असते. 'लॅन्सेट'मध्ये २००९ साली आलेल्या एकत्रित विश्लेषणात ही शक्यता सुमारे सातपट निघाली. २०२० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या त्याहून मोठ्या विश्लेषणात ती दहापटीच्या जवळ गेली. मधुमेहाची इतकी स्पष्ट आणि इतक्या लवकर मिळणारी पूर्वसूचना पुरुषांच्या वाट्याला येत नाही. बाविशी-तेविशीतल्या मुलीला ती मिळते, कार्डावर लिहून मिळते. पण बाळंतपण झालं की ते कार्ड बाळाच्या लशींच्या तारखांपुरतं उरतं आणि आईच्या साखरेची नोंद असलेलं पान पुन्हा कोणी उघडत नाही.

हे पुस्तक त्या पानाबद्दल आहे. मधुमेह झालेल्या बायकांवर मराठीत बरं लेखन झालं आहे. पथ्यपाण्याची पुस्तकं तर दुकानात रांगेने मिळतात. मधुमेह अजून झालेला नाही, पण होण्याची दाट शक्यता आहे, अशा बाईला आपली आरोग्यव्यवस्था काय देते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. ती आजारी नाही, म्हणून रुग्णांच्या रांगेत तिला जागा नाही. आणि आता गरोदरही नाही, म्हणून मातांच्या यादीतून तिचं नाव गळलेलं. वाचकाला पुढची प्रकरणं नीट लागावीत म्हणून या प्रश्नाची थोडी पार्श्वभूमी इथे मांडतो.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. गरोदरपणात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. बाळाला साखर कमी पडू नये म्हणून केलेली ही निसर्गाची तजवीज आहे. आईचं स्वादुपिंड मग जास्तीचं इन्सुलिन तयार करून तोल सांभाळतं. ज्या बाईच्या स्वादुपिंडाची राखीव ताकद मुळात बेताची असते, तिला हे झेपत नाही आणि साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात साखर चढते. वार पडली की संप्रेरकांचा जोर ओसरतो आणि बहुतेक जणींची साखर थोड्याच दिवसांत पूर्ववत होते. घरचे म्हणतात, 'गरोदरपणाची शुगर होती, गेली.' अनेकदा डॉक्टरही तेच म्हणतात. साखर खाली आली हे खरं, पण स्वादुपिंडाची ताकद जितकी बेताची होती तितकीच आहे. वय वाढेल, वजन वाढेल, कदाचित दुसरं बाळंतपण होईल, आणि ही उणीव पुन्हा वर येईल. या वेळी वार पडून सुटका होणार नाही.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. मधुमेह म्हटलं की स्थूल, खात्यापित्या घरची, बसून राहणारी बाई डोळ्यासमोर येते, आणि ते चित्र आपल्याला फसवतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्या बायका शेतात राबणाऱ्या, किरकोळ अंगाच्या होत्या. सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सरासरी वजन ३.५ किलो होतं. बाळं लहान होती यात नवल नव्हतं. नवल हे, की पुण्याच्या बाळांच्या अंगात स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीचं, असं हे शरीर आईच्या पोटातच घडत होतं. याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहून काढलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'ने छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हा फोटो प्रत्येक प्रसूतिगृहात लावावा असं मला वाटतं. 'ही तर काडी आहे, हिला कसली शुगर!' असं म्हणून तपासणी टाळली गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

मधुमेहाचा पसारा केवढा आहे, ते भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीवरून कळतं. देशात अंदाजे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर. सगळ्यात वरचं प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. या आकड्यांत बायका अर्थातच आहेत, पण त्यांतल्या किती जणींना गरोदरपणातच इशारा मिळाला होता, हे असल्या आकड्यांतून दिसत नाही. आपल्या नोंदवह्याही ते सांगू शकत नाहीत, कारण गरोदरपणाची वही वेगळी, मधुमेहाची वही वेगळी, आणि एकीतलं नाव दुसरीत कोणी उतरवत नाही.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. गरोदरपणातली साखर शोधण्यात भारताने स्वतःची वाट काढली आणि ती चांगली काढली. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी अनेक वर्षं एक साधा मुद्दा लावून धरला: आपल्या खेड्यांतल्या बाईला 'उद्या उपाशीपोटी या' असं सांगितलं तर ती येणार नाही. म्हणून ती जेवून आलेली असो वा नसो, आली त्याच वेळी तपासणी करावी. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त तपासायचं. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. केंद्र सरकारने हीच पद्धत स्वीकारली आणि २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक गरोदर बाईची तपासणी दोनदा करायला सांगितली: पहिल्या भेटीत एकदा, आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. शेषय्यांचा वाढदिवस, १० मार्च, देशात या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. परदेशी निकष जसेच्या तसे न घेता आपल्या बाईची अडचण पाहून पद्धत बसवणं, हे आपल्या वैद्यकात फारसं घडत नाही. म्हणून या माणसाचं ऋण मोठं आहे.

आता ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहा. महिन्याची ९ तारीख, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात चाळीस-पन्नास बायका. कोणी वडापने आलेली, कोणी नवऱ्याच्या मोटारसायकलवर. सिस्टर ग्लुकोजची पुडी पाण्यात ढवळून देतात. ते पाणी इतकं गोडमिट्ट असतं की तीन-चार महिन्यांच्या पोटुशीला दुसऱ्याच घोटाला मळमळतं. अर्ध्या तासाच्या आत उलटून पडलं तर तपासणी दुसऱ्या दिवशी नव्याने. टिकलं तर दोन तास बसून राहायचं. बाकं पुरत नाहीत, पंखा एकच. नवरा बाहेरून विचारतो, 'अजून किती वेळ?' त्याचा दिवसाचा रोज बुडत असतो. परतीची जीप साडेबाराची. दीड तास झाल्यावर काही जणी उठून जातात आणि वहीत त्यांच्यापुढे 'तपासणी झाली नाही' एवढंच लागतं. या बायका निष्काळजी नाहीत. दोन तास थांबायचं तर बसायला सावलीतली जागा, पिण्याचं पाणी, जवळ स्वच्छ संडास आणि आधी नीट सांगणारं माणूस लागतं. ज्या केंद्रांत एवढं आहे तिथे बायका थांबतात. दर्जा हा शब्द आपण यंत्रांसाठी राखून ठेवला आहे, पण इथे बाईच्या बसण्याची सोय हाच दर्जा आहे.

साखर निघाली की पुढचे काही महिने व्यवस्था बऱ्यापैकी हलते. दोन आठवडे आहाराचा सल्ला, त्याने भागलं नाही तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन, वाढीव तपासण्या, दवाखान्यातच बाळंतपण. यात त्रुटी आहेत. छापील आहारतक्त्यात ओट्स आणि सफरचंद असतं आणि घरात भाकरी आणि पिठलं. घरी फ्रिज नसेल तर इन्सुलिन ओल्या मातीच्या मडक्यात ठेवता येतं, हे सगळीकडे सांगितलं जातंच असं नाही. तरी बाळ पोटात असेपर्यंत त्या बाईकडे लक्ष असतं.

मग बाळंतपण होतं. आशाताई नवजात बाळासाठी घरी येऊ लागते: तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या दिवशी. ती बाळाचं वजन करते, नाळ पाहते, ताप पाहते, अंगावर पाजण्याबद्दल बोलते. याच सुमाराला, म्हणजे बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी, आईची साखर पुन्हा तपासावी असं त्याच सरकारी सूचनांत लिहिलेलं आहे. आणि त्याच आठवड्यात बाळाला दीड महिन्याची लस असते. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात येतात. बाळाला दुपट्यात गुंडाळून आई लसीकरणाच्या सत्राला स्वतःच्या पायांनी येते, नर्ससमोर बसते, बाळाच्या मांडीला सुई टोचली जाते. आणि तिच्या बोटाला कोणी टोचत नाही.

याला कारणं आहेत, आणि ती फक्त सरकारी नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे. साखर निघाली सासरच्या गावच्या केंद्रात, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, आणि तिसऱ्या महिन्यात बाळ-बाळंतीण परत सासरी. दोन्हीकडच्या आशांना वाटतं, दुसरीने पाहिलं असेल. बीडकडच्या ऊसतोडीच्या कुटुंबांचं तर विचारूच नका. दिवाळीच्या सुमाराला कोयता निघतो तो वसंतात परत येतो. मधल्या काळातली गरोदर बाई कुठल्या गावच्या वहीत असेल, हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही. सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीला मात्र उपाशीपोटी यावं लागतं, आणि 'बाळंतिणीला उपाशी ठेवून कुठे नेता?' असं म्हणणारी आजी घरोघरी असते. तिचं म्हणणं मायेचंच आहे. तिला कोणी समजावून सांगितलेलं नाही एवढंच. त्याच मायेने सकाळ-संध्याकाळ डिंकाचा लाडू, तुपातला शिरा आणि हळिवाची खीर ताटात येते. ज्या बाईचं स्वादुपिंड आताच दमून उठलं आहे, तिच्यासाठी हा पाहुणचार जड असतो. लाडू बंद करा असं मी म्हणत नाही. हळीव ठेवा, तूप बेताने ठेवा, गूळ कमी करा, असं त्या आजीला सांगणारी आशाताई हवी.

बेचाळिसावा दिवस उलटला की पुढे काय? असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मधुमेहाची सरसकट तपासणी तिसाव्या वर्षापासून आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. अशा मुलीचं बाळंतपण विशीच्या आत-बाहेर होतं. तिथपासून तिसाव्या वर्षापर्यंतची आठ-दहा वर्षं तिला कोणी 'साखर पाहिली का?' असं विचारत नाही. साखर चोरपावलांनी वाढते ती नेमकी याच वर्षांत. याच वर्षांत दुसरं मूल होतं, आणि आईची साखर आधीपासून वाढलेली असेल तर बाळाची इंद्रियं घडण्याच्या पहिल्या आठवड्यांतच त्याला धोका पोहोचतो, तिला दिवस गेल्याचं कळायच्या आत.

तिसाव्या वर्षी आशाताई एक अर्ज भरते. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातला मधुमेह-रक्तदाब, असे प्रश्न आणि त्यांना गुण. चारच्या वर गुण गेले की आधी तपासणी. अर्ज चांगला आहे, सोपा आहे. पण गुण देणाऱ्या त्या भागात एक प्रश्न नाही: 'गरोदरपणात तुमची साखर वाढली होती का?' दारूचा प्रश्न आहे, जो ग्रामीण महाराष्ट्रातल्या बहुतेक बायकांना लागू पडत नाही. मधुमेहाचा धोका सातपट वाढवणारा इतिहास विचारलेला नाही. एक ओळ वाढवली तर केवढा फरक पडेल! कागद, माणूस आणि भेट हे सगळं आधीच आहे. तिशीची अट काही दगडावरची रेघ नाही. महाराष्ट्र सरकारने २०२२च्या नवरात्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम काढली तेव्हा अठरा वर्षांवरच्या सगळ्या स्त्रियांची तपासणी करायचं ठरवलं होतं. म्हणजे इच्छा असली की वयाची रेषा खाली आणता येते. मोहीम संपल्यावरही ती खालीच राहायला हवी.

तपासणी झाली तरी ती बरोबर वाचली जाते का, हा वेगळा प्रश्न. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी आता शहरी प्रयोगशाळांत सर्रास होते, पण लोह कमी असलेल्या बाईत तिचा आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो. या एकाच आकड्यावर विसंबून कोणाला घाबरवलं जातं, तर बाळंतपणात बरंच रक्त गेलेल्या बाईला तोच आकडा खोटा दिलासा देतो. पुढे याच विषयावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. दवाखान्यात काम करणाऱ्यांनी ते सोडू नये.

धोका कळून उपयोग काय, करता येण्यासारखं काही आहे का? आहे, पण खात्रीने किती, हे सांभाळून बोललं पाहिजे. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात, ज्यांना पूर्वी गरोदरपणात मधुमेह झाला होता आणि ज्या उंबरठ्यावर होत्या, अशा स्त्रियांत आहार-व्यायामाने किंवा मेटफॉर्मिनने पुढचा मधुमेह जवळपास निम्म्याने घटला. हे वाचून हुरूप येतो. पण भारत, बांगलादेश आणि श्रीलंका इथल्या १६०१ स्त्रियांवर बाळंतपणानंतर असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले, आणि त्यात सल्ला मिळालेल्या व न मिळालेल्या बायकांत लक्षणीय फरक पडला नाही. दोन्ही गटांत साधारण चौथाई बायकांची साखर थोड्याच काळात वरच्या पायरीवर गेली होती. मला हा दुसरा अभ्यास पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. तान्हं बाळ मांडीवर असलेल्या बाईला 'रोज अर्धा तास चाला, वजन उतरवा' असं सांगून भागत नाही. ती चालायला गेली तर बाळाला कोण घेणार, स्वयंपाक कोण करणार, आणि सूनबाई एकटी फिरायला निघाली म्हणून गल्लीत चार तोंडं बोलतील त्यांना उत्तर कोण देणार? घर बदललं नाही तर तिचं शरीर एकटं बदलत नाही.

आणि गरोदरपणाच्या आधीच हात घातला तर? मुंबईतल्या वस्त्यांमध्ये झालेला एक प्रयोग इथे सांगितलाच पाहिजे. बायकांना गरोदरपणाच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत रोज एक खाऊ दिला गेला: हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला, दिसायला-चवीला समोशासारखा किंवा भज्यासारखा, म्हणजे त्यांना आवडेल असा. दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा, पण कमी पोषणाचा खाऊ. पोषक खाऊ खाणाऱ्यांत गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के निघाला, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. औषध नाही, इंजेक्शन नाही. पालक, मेथी, फळ आणि दूध. घरात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात नेमकं हेच उरत नाही. मधुमेह हा जास्त खाण्याचा आजार आहे असं आपण म्हणत आलो. आपल्या बायकांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी चुकीचं आणि अपुरं मिळण्याचाही आजार आहे.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं, की त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. तोवर गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धोरणकर्त्यांना दिसत होतं. त्या अभ्यासाने बाई ही आई होण्याच्या आधी आणि नंतरही असते, हे ठणकावून सांगितलं. मधुमेहाच्या बाबतीत तेच पुन्हा सांगायची वेळ आली आहे. ज्या बाईला सरकार नऊ महिने नावाने ओळखतं, तिला त्यानंतर विसरायचा अधिकार त्याला नाही.

हे पुस्तक कोणी वाचावं? आशाताई, परिचारिका, प्राथमिक केंद्रातले डॉक्टर यांनी तर वाचावंच. बाळाच्या दीड महिन्याच्या लशीच्या दिवशी आईचं कार्ड उलटून पाहायचं आणि साखरेची नोंद असेल तर तिथेच तिच्या तपासणीची तारीख ठरवायची, एवढं त्यांनी आजपासून सुरू करावं. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. पण माझ्या मनातला पहिला वाचक घरातलाच कोणी आहे: नवरा, सासू, भाऊ, नणंद. तुमच्या घरात गेल्या दहा वर्षांत बाळंत झालेली जी कोणी असेल, तिला आज विचारा, गरोदरपणात तुझी साखर निघाली होती का? हो म्हणाली, तर या आठवड्यात तिला उपाशीपोटी साखर तपासायला घेऊन जा, आणि ती तिकडे असेल तेवढा वेळ बाळ तुम्ही सांभाळा. आकडा ठीक आला तरी पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा न्या.